खेळातील सिग्नलनेही खरे बोलावे

विज्ञान-प्रदर्शनाचा काळ जवळ आला की विद्यार्थ्यांच्या हातून ज्या वस्तू हटकून निर्माण होतात, त्यांत ज्वालामुखी, पवनचक्की आणि आगगाडी या तिघांचा मान मोठा आहे. त्यांतही आगगाडीभोवती होणारी गर्दी इतर कोणत्याही मेजाला लाभत नाही. पुठ्ठ्याचे डोंगर, रंगविलेल्या भुशाचे गवत, काड्यापेट्यांची घरे, आणि त्यांमधून गोल गोल धावणारी चिमुकली गाडी पाहून लहान मुलांप्रमाणे वडीलधारी मंडळीही क्षणभर थबकतात. रुळांच्या कडेला लाल व हिरवे दिवे लावलेले सिग्नल असले, म्हणजे तर कौतुकाला पारावार राहत नाही.

या दिव्यांविषयीच आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. अशा बहुतेक प्रतिकृतींतील दिवे आपल्या मनाने लुकलुकत असतात. गाडी येवो वा न येवो, सांधा इकडे असो वा तिकडे असो, लाल विझतो, हिरवा पेटतो आणि पुन्हा लाल पेटतो. दिवाळीतील तोरणाला हे शोभते. सिग्नलला शोभत नाही. आमच्या मते प्रतिकृतीत सिग्नल लावावयाचाच असेल, तर तो खरे बोलणारा असावा. ते साधत नसेल, तर सिग्नल मुळीच न लावणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

कोणी म्हणेल, खेळातल्या आगगाडीविषयी एवढे गांभीर्य कशाला? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सिग्नल म्हणजे काय, याचाच थोडा विचार केला पाहिजे. सिग्नल हा दिवा नव्हे. तो शब्द आहे. दिवा उजेड देतो, सिग्नल वचन देतो. हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच, की पुढचा मार्ग मोकळा आहे, सांधा योग्य बाजूला बसला आहे आणि तू निर्धास्त जा. गाडी चालविणाऱ्यास सांधा दिसत नाही, वळणापलीकडचा रूळ दिसत नाही, रात्री तर काहीच दिसत नाही. तो केवळ या शब्दावर विश्वास ठेवून शेकडो माणसांसह पुढे जातो.

आमच्या आदिलाबादकरांना या शब्दाचे मोल विशेष उमगावे. आमची घरची भाषा कोंकणी, आमच्या विद्यार्थ्यांची मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू आणि आसपासच्या पाड्यांवर गोंडी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले आणि आदिलाबाद तेलुगू राज्यात राहिले. परंतु मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असे थांबे घेत येणारी गाडी ही सीमा रोज ओलांडते. सीमेच्या अलीकडे लाल दिव्याचा एक अर्थ आणि पलीकडे दुसरा, असे होत नाही. ज्या एका भाषेबद्दल आमच्यात कधी वाद झाला नाही, ती ही दिव्यांची भाषा. सर्वांनी जी निमूटपणे मानावयाची, ती भाषा खोटी ठरून कसे चालेल?

आपल्या गावातील रेल्वे फाटकाचेच उदाहरण घेऊ. गाडीचा मागमूस नसताना फाटक बंद झाले, की दोन्ही बाजूंना खोळंबलेली मंडळी फाटकवाल्याच्या नावाने बोटे मोडतात. ‘गाडी अजून आली नाही, मग आतापासून अडविता कशाला?’ असा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर सिग्नलमध्ये आहे. ज्या फाटकाची सांगड सिग्नलशी घातलेली असते, तेथे फाटक पूर्ण लागून त्याला कुलूप बसेपर्यंत गाडीला हिरवा दिवा देताच येत नाही. आणि हिरवा दिवा दिल्यावर फाटक उघडता येत नाही. या सांगडीला रेल्वेत इंटरलॉकिंग म्हणतात. गाडी अजून दूर असते हे खरे. पण भरधाव गाडीला थांबावयास फार लांबचे अंतर लागते, म्हणून तिला दुरूनच वचन द्यावे लागते. फाटक आधी लागते ते यासाठी. आपला खोळंबा ही त्या हिरव्या दिव्याच्या खरेपणाची किंमत होय.

हा खरेपणा रेल्वेला जन्मतः लाभलेला नाही. तो फार महागात विकत घ्यावा लागला आहे. इंग्लंडात आरंभीच्या काळात मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून पांढरा दिवा दाखवीत आणि हिरव्याचा अर्थ ‘जपून जा’ असा असे. पण लाल काच फुटून पडली, की मागचा दिवा पांढराच दिसावयाचा. म्हणजे यंत्र बिघडले की त्याने धोक्याच्या जागी अभय द्यावे, असा उलटा न्याय! पुढे पांढरा रंग टाकून देऊन हिरव्याला ‘मोकळा मार्ग’ हा अर्थ देण्यात आला.

२१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडातील ॲबट्स रिप्टन येथे याहूनही बोधप्रद प्रकार घडला. तेव्हाच्या सिग्नलांना दिव्याबरोबर लाकडी हात असत, आणि ते एरवी ‘जा’ अशाच स्थितीत ठेवलेले असत. त्या दिवशी बर्फाचे वादळ होते. सिग्नलवाल्याने हात ‘थांबा’ या स्थितीत आणण्यासाठी दांडा ओढला. पण बर्फाने जखडलेले हात हलले नाहीत. सिग्नल ‘या’ म्हणत राहिले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. या अपघातापासून रेल्वे एक मोठा धडा शिकली. सिग्नलची स्वाभाविक स्थिती ‘थांबा’ हीच असली पाहिजे, आणि ‘जा’ म्हणण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी कारण मिळाले पाहिजे.

आयर्लंडातील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या एका गाडीचे डबे चढावर सुटले आणि उताराने मागे घरंगळत जाऊन पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आपटले. ८० माणसे प्राणास मुकली, आणि त्यांत मुले पुष्कळ होती. पुढची गाडी सुटून अमुक मिनिटे झाली, तेव्हा ती दूर गेली असेल, एवढ्या अंदाजावर मागची गाडी सोडलेली होती. त्याच वर्षी तेथे कायदा झाला, आणि मार्गाचा एक तुकडा रिकामा झाल्याखेरीज त्यात दुसरी गाडी सोडू नये, असे बंधन प्रवासी गाड्यांच्या मार्गांवर आले. घड्याळाचा अंदाज गेला आणि रुळाची साक्ष आली. आमच्या प्रदर्शनातील जो सिग्नल ठरावीक सेकंदांनी आपोआप हिरवा होतो, तो या दृष्टीने पाहता १८८९ च्या मागेच राहिलेला आहे.

रूळ स्वतः साक्ष देऊ शकतो, ही कल्पना विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाची. त्याने १८७२ साली तिचे एकस्व घेतले. दोन रुळांचा एक तुकडा इतरांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करावयाचा, एका टोकाला बॅटरी जोडावयाची आणि दुसऱ्या टोकाला विद्युत्‌चुंबकावर चालणारा रिले ठेवावयाचा. मार्ग रिकामा असेल तर प्रवाह एका रुळाने जाऊन दुसऱ्याने परततो, रिले ओढलेला राहतो आणि हिरवा दिवा लागू शकतो. गाडी आली, की तिची लोखंडी चाके व आस दोन्ही रूळ जोडून टाकतात. प्रवाह जवळच्या वाटेने परततो, रिले सुटतो आणि दिवा लाल होतो. या रचनेचे खरे सौंदर्य पुढेच आहे. बॅटरी संपली तरी रिले सुटतो, तार तुटली तरी सुटतो, रूळ मधोमध दुभंगला तरीही सुटतो. म्हणजे यंत्राला काहीही झाले, तरी ते ‘थांबा’ म्हणते. भारतात आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल प्रथम १९२८ साली मुंबईत व्ही. टी. ते भायखळा या मार्गावर आले.

एवढी शतकभराची विद्या हाताशी असूनही दिव्याची आणि सांध्याची फारकत झाली तर काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता, आणि त्या मार्गावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे दिसून आले, की पूर्वी केलेल्या कामांत सिग्नलच्या तारांची जोडणी चुकलेली होती. दिवा होता, तो पेटतही होता; पण तो ज्याविषयी बोलत होता, त्याच्याशी त्याचा संबंध तुटलेला होता. मेजावरील प्रतिकृतीत सिग्नल लावणाऱ्या प्रत्येक मुलाने एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले, तरी पुरे आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खरे बोलणारा सिग्नल करणे फार अवघड नाही. एक गोलाकार मार्ग आणि त्यातून फुटणारा एक फाटा, एवढीच मांडणी धरू. हिरव्या दिव्याकडे जाणाऱ्या प्रवाहाला दोन दारांतून जावयास लावावे. पहिले दार सांध्याने उघडावयाचे आणि दुसरे रिकाम्या रुळाने. दोन्ही दारे उघडी असतील तरच हिरवा. कोणतेही एक बंद असेल तर प्रवाह लाल दिव्याकडे वळावा.

पहिल्या दारासाठी तीन टोकांचा एक मायक्रोस्विच पुरतो. सांध्याची हलती पट्टी मुख्य मार्गाला पूर्णपणे टेकली, तरच तो दाबला जाईल अशा बेताने तो बसवावा. लाल दिवा न दाबलेल्या बाजूला जोडावा आणि हिरव्याची वाट दाबलेल्या बाजूने न्यावी. याच्या उलट जोडणी केली तरी दिवे तितकेच सुंदर दिसतील. पण मग स्विच जागेवरून निसटला, की हिरवा दिवा कायमचा लागून राहील. तारेची दोन टोके उलटसुलट करणे, एवढाच फरक. पण ॲबट्स रिप्टनचा सारा धडा त्यात सामावलेला आहे.

दुसऱ्या दारासाठी रॉबिन्सनची युक्ती वापरावी. त्याकरिता गाडीचा मोटार चालविणारी वीज रुळांतून न देता गाडीच्याच पोटात बॅटरी ठेवावी, आणि चाके व आस धातूची असावी. रुळांना जोडलेल्या बॅटरीच्या वाटेत एक रोधक अवश्य घालावा. अन्यथा चाके त्या तुकड्यावर येताच बॅटरीची दोन टोके थेट जुळून ती तापेल. दिव्यांसाठीही रोधक हवाच. ९ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे २ व्होल्ट घेणारा एल.ई.डी. असेल, तर उरलेले ७ व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. १५ मिलिअँपिअर प्रवाह धरला तर भागाकार सुमारे ४६७ येतो, आणि बाजारात ४७० ओहमचा रोधक सहज मिळतो. ओहमचा नियम पाठ म्हणणारा विद्यार्थी आणि हा भागाकार स्वतः करून दिवा लावणारा विद्यार्थी, यांच्यातील अंतर आम्ही शिक्षकांनी तरी ओळखावयास हवे.

दोन्ही दिवे विझले तर काय समजावे, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारील. रेल्वेचा नियम त्यालाही उत्तर देतो: विझलेल्या सिग्नलचा अर्थ सर्वांत कडक घ्यावयाचा, म्हणजे तो लालच मानावयाचा. मौनाला संमती समजू नये, असे हे शहाणपण आहे.

या आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, याची आम्हांस कल्पना आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. बेला, जैनथ, तामसी या भागांतून येणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील मुलांनी रिले आणि स्विच कोठून आणावेत? हा आक्षेप खोटा नाही. परंतु आपल्या इच्छेने लुकलुकणाऱ्या दहा दिव्यांपेक्षा सांध्याला बांधलेला एकच दिवा अधिक मोलाचा आहे. रिले परवडत नसेल, तर पहिल्या दारावर थांबावे आणि शेजारी पाटी लावावी, की ‘हा सिग्नल सांध्याची स्थिती सांगतो, मार्ग रिकामा आहे की नाही, हे सांगत नाही.’ आपल्या यंत्राची मर्यादा सांगणे, हेही विज्ञानच. स्विचसुद्धा न मिळाल्यास पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून तेच काम साधता येते.

दुसरा आक्षेप काळाचा. आता लहानशा संगणक-पट्टीवर कार्यक्रम लिहून हवे तसे सिग्नल चालविता येतात. मग या जुन्या तारांचा हट्ट का? आमचा विरोध संगणकाला नाही. रेल्वेतही इंटरलॉकिंग आज संगणकावर चालते, आणि लाल दिवा ओलांडू पाहणाऱ्या गाडीला आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ ही भारतीय यंत्रणा २०२० साली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. तिच्या चाचण्या आणि पहिली उभारणी आपल्याच दक्षिण मध्य रेल्वेवर झाली. प्रश्न तारांचा की कार्यक्रमाचा, हा नाहीच. कार्यक्रम सांध्याला विचारून दिवा लावतो, की घड्याळाला विचारून, एवढेच पाहावयाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही. प्रेक्षकांना मेजावरचे दिसते, मेजाखालचे दिसत नाही. मग मेजाखाली घाम का गाळावा? दिव्याखाली अंधार, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४६ साली आगगाडीच्या प्रतिकृतींचा एक विद्यार्थी-मंडळ स्थापन झाला. त्यात काहींना डबे रंगविण्याची आणि घरे मांडण्याची आवड होती. काहींना मात्र मेजाखाली शिरून टेलिफोनचे जुने रिले जोडून सिग्नल व वीज यांची व्यवस्था लावण्याचा छंद होता. या दुसऱ्या गटातील मुले पुढे त्या संस्थेतील संगणकांकडे वळली, आणि १९६२ साली संगणकावरील अगदी आरंभीच्या खेळांपैकी ‘स्पेसवॉर’ हा खेळ घडविणाऱ्यांत या मंडळाचे सभासद होते. मेजाखालच्या अंधारात जे शिकले, ते वाया गेले नाही.

महाराष्ट्रातही अशा निष्ठेचे उदाहरण आहे. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे एका चिमुकल्या शहरातून अनेक प्रकारच्या गाड्या धावतात. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या पालकांनी मुलांना ते अवश्य दाखवावे, आणि गाड्या पाहून झाल्यावर थोडा वेळ सिग्नल व सांधे यांच्याकडेही लक्ष देण्यास सांगावे.

आमची एक सूचना प्रदर्शनाच्या परीक्षकांना आहे. दिवे लागतात की नाही, हे पाहून गुण देऊ नयेत. मुलाच्या अनुमतीने एक तार सोडवावी, सांधा अर्धवट ठेवावा, रुळावर एक रिकामा डबा उभा करावा, आणि दिवा काय म्हणतो ते पाहावे. तो लाल झाला किंवा विझला, तर त्या मुलास पूर्ण गुण द्यावेत, मग त्याचे डोंगर ओबडधोबड का असेनात. तो हिरवाच राहिला, तर त्याला रागावू नये. मेजाखाली त्याच्याबरोबर वाकून कोणती तार कोठे न्यावयास हवी, हे त्याला शोधू द्यावे. यंत्र चालताना सर्वच यंत्रे सारखी दिसतात. त्यांची पारख बिघडल्यावर होते.

पालकांनाही एक विनंती आहे. तयार संच विकत आणून रातोरात प्रतिकृती उभी करून देण्याचा मोह त्यांनी आवरावा. बक्षीस त्याने कदाचित मिळेल. पण आपण जे दाखवितो ते आपल्यालाच ठाऊक नाही, ही सवय मुलाला लागेल, आणि ती बक्षिसापेक्षा दीर्घकाळ टिकेल.

आज आमच्या वर्गांत बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या स्थानकावर सिग्नल देईल, कोणी इस्पितळातील यंत्रे जुळवील, कोणी पुलाच्या बांधकामावर ‘तपासले’ म्हणून सही करील, कोणी औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवील. ही सारी कामे एका अर्थी सिग्नलचीच आहेत. ज्याला आतले दिसत नाही, त्याला बाहेरून शब्द द्यावयाचा आणि त्या शब्दावर तो विसंबणार, हे जाणून द्यावयाचा. हिरवा दिवा लावण्यापूर्वी सांध्याकडे एकदा पाहून येण्याची सवय त्यांना शाळेच्या मेजावरच लागावी, एवढीच आमची इच्छा आहे.